माहितीपटात ध्वनिमुद्रित गाणं वापरायचंय? परवानगी मिळवण्याची वाट, पायरीपायरीने

लघुपट, माहितीपट, वेब मालिका, संस्थेची फिल्म, अगदी लग्नाचा व्हिडिओसुद्धा. संकलन करताना एखादं गाणं प्रसंगाखाली अचूक बसतं, सगळ्यांना आवडतं, आणि प्रदर्शनाच्या तोंडावर कुणीतरी विचारतं, "याचे राइट्स घेतलेत ना?" मी माहितीपटांसाठी गाण्यांच्या परवानग्या मिळवण्याचं काम करते. हा प्रश्न उशिरा विचारल्यामुळे चांगल्या फिल्म अडकताना मी पाहिल्या आहेत. म्हणून माझा आग्रह एकच: गाणं टाइमलाइनवर टाकायच्या आधी त्याचा मालक शोधायला लागा, आणि मालकाकडे जाताना नेमकं काय हवंय ते लिहून न्या.

खाली दिलेली माहिती भारतातल्या कायद्याला धरून आहे. रक्कम मोठी असेल किंवा वाद होण्याची चिन्हं असतील तर कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला कागद जरूर दाखवा.

१. एका गाण्यात किती हक्क आहेत ते ओळखा

कॉपीराइट कायदा, १९५७ गाण्याकडे एकसंध वस्तू म्हणून पाहत नाही. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, आणि त्या दोन्हींचं विशिष्ट गायकाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण ही तिसरी. व्यवहारात शब्द आणि चाल मिळून 'पब्लिशिंग' म्हणतात आणि ध्वनिमुद्रणाला 'मास्टर'. चित्राखाली गाणं लावायचं असेल तर दोन्हींची परवानगी लागते. शब्द-चालीच्या परवानगीला सिंक लायसन्स म्हणतात आणि ध्वनिमुद्रणाच्या परवानगीला मास्टर लायसन्स.

आपल्याकडच्या बहुतेक चित्रपटगीतांचे दोन्ही हक्क एकाच म्युझिक कंपनीकडे असतात, त्यामुळे एकाच दारात काम होतं. पण भावगीतं, नाट्यपदं, अभंग, स्वतंत्र अल्बम यांत हक्क विखुरलेले असू शकतात. आणि गाण्यासोबत चित्रपटातलं दृश्यही हवं असेल, तर त्या दृश्याच्या मालकाची, म्हणजे बहुधा निर्मात्याची, वेगळी परवानगी लागते. म्युझिक कंपनी ती देऊ शकत नाही.

इथला नेहमीचा सापळा अभंगांचा आहे. "अभंग तुकोबांचा आहे, त्याला कसला कॉपीराइट?" शब्दांपुरतं हे खरंच आहे, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण तुमच्या कानात जी चाल आहे ती बहुधा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची आहे. श्रीनिवास खळे २०११ साली गेले. त्यांच्या चालींवरचे हक्क २०७१ अखेरपर्यंत टिकणार आहेत. त्या चालीवर गायलेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क आणखी वेगळे.

२. हक्क संपलेत का ते आधी तपासा

इथे थोडा वेळ द्या, कारण यात पैसे वाचू शकतात आणि चूक झाली तर तेच पैसे दुपटीने जातात.

शब्द आणि चाल यांचे हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ही साठ वर्षं मोजायची. ध्वनिमुद्रणाचा हिशोब वेगळा आहे. ते प्रथम प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, मग गायक हयात असो वा नसो. १९६५ साली बाजारात आलेल्या तबकडीची मुदत १ जानेवारी १९६६ ला सुरू होते आणि ३१ डिसेंबर २०२५ ला संपते.

दोन्ही हिशोब एकत्र लावून पाहा. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२ साली. त्यांच्या रचना मुक्त आहेत. त्यांची एखादी रचना १९३० च्या दशकातल्या तबकडीवर असेल, तर भारतापुरता रस्ता बराचसा मोकळा आहे. उलट ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले आणि सुधीर फडके २००२ साली. या दोघांचं १९५० च्या दशकातलं एखादं गाणं घेतलं, तर ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं उलटलेली असतील, पण शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाल २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तबकडी जुनी आहे म्हणून गाणं मोकळं, हा समज इथेच फसतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांसाठी २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागेल.

आणखी दोन गोष्टी. पहिली, हा हिशोब फक्त भारताचा. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाला साधारण सत्तर वर्षं मिळतात. अमेरिकेत १९२३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मुक्त झाली आणि त्यानंतरची टप्प्याटप्प्याने होत आहेत. फिल्म परदेशी महोत्सवात किंवा जगभर दिसणाऱ्या ओटीटीवर न्यायची असेल तर त्या त्या देशाचा नियम पाहावा लागतो. दुसरी, मुक्त झालेलं ध्वनिमुद्रण घेताना जुन्या तबकडीवरून स्वतः उतरवून घेतलेली फाइल वापरा. कंपनीने साफ करून नव्याने बाजारात आणलेली आवृत्ती उचलली की कंपनी तिच्यावर वेगळा दावा सांगू शकते.

३. मालक शोधा

जमिनीला सातबारा असतो, तसा गाण्याचा एकच अधिकृत उतारा कुठल्याही कचेरीत मिळत नाही. भारतात कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे, त्यामुळे नोंदवहीत नाव नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही. माग आपणच काढायचा.

सुरुवात तबकडी, कॅसेट किंवा सीडीच्या वेष्टनापासून करा. त्यावर कंपनीचं नाव, क्रमांक आणि वर्ष असतं. वर्तुळातला 'पी' आणि त्यापुढचं नाव म्हणजे ध्वनिमुद्रणाचा मालक. स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याच्या तपशिलातही ही ओळ सापडते. यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनाखाली कंपनीचं नाव येतं, पण चाहत्यांनी चढवलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका. जमल्यास गाण्याचा आयएसआरसी मिळवा. बारा अक्षरांचा हा सांकेतिक क्रमांक प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा वेगळा असतो. एकाच गाण्याच्या चार आवृत्त्या असतील तर तुम्ही कोणती मागताय ते यावरून ठरतं.

जुन्या एचएमव्हीच्या तबकड्यांसाठी सारेगामाकडे जावं लागतं. मराठीत सागरिका, फाउंटन, झी म्युझिक, युनिव्हर्सल अशा कंपन्यांचे मोठे संग्रह आहेत. आकाशवाणी-दूरदर्शनच्या संग्रहातलं ध्वनिमुद्रण हवं असेल तर प्रसार भारतीकडे अर्ज करायचा. आकाशवाणीवर गाजलेलं भावगीत पुढे तबकडीवरही आलेलं असतं. तुमच्या हातात यांपैकी कोणतं आहे ते आधी नक्की करा, कारण मालक त्यानुसार बदलतो.

जुन्या चित्रपटगीतांत एक गुंता हमखास निघतो. निर्मात्याने पन्नास-साठ वर्षांपूर्वी कंपनीशी केलेल्या करारात ओटीटीचं नाव असणं शक्यच नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट केलंय की करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, त्याचा करारात खास उल्लेख नसेल, तर त्याचे हक्क दिले गेले असं धरता येत नाही. निर्मात्याचे वारस आणि कंपनी यांच्यात यावरून मतभेद असू शकतात. अशा वेळी कंपनीकडून "आम्हीच पूर्ण मालक आहोत, कुणी दावा केला तर आम्ही निस्तरू" अशी लेखी हमी करारात घ्या.

४. आयपीआरएस आणि पीपीएलच्या पावतीवर विसंबू नका

नवख्या मंडळींची इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकार आणि पब्लिशरांच्या (शब्द-चालीचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या) वतीने, तर पीपीएल ही संस्था ध्वनिमुद्रणांच्या मालकांच्या वतीने मुख्यतः गाणं जाहीरपणे वाजवण्याचे परवाने देते: हॉटेल, कार्यक्रम, दुकान, प्रसारण. सभागृहात गाणी वाजवण्याची पावती तुमच्या हातात असली, तरी ते गाणं फिल्ममध्ये जोडायचा हक्क तिने मिळत नाही. सिंकचा परवाना सहसा लेबलकडून (म्हणजे म्युझिक कंपनीकडून) किंवा पब्लिशरकडूनच घ्यावा लागतो.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला सूट आहे. ती सूट मांडवात वाजणाऱ्या गाण्याला आहे. तुम्ही संकलनात तेच गाणं लावून जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकता त्याला नाही.

५. काय हवंय ते एका पानावर लिहा

कंपनीकडे "हे गाणं वापरायला किती घ्याल?" असा एका ओळीचा मेल गेला तर उत्तर येत नाही, किंवा घाबरवून टाकणारा आकडा येतो. पत्रात पुढच्या गोष्टी असू द्या:

- गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट किंवा अल्बम, वर्ष, आयएसआरसी
- फिल्मचं नाव, भाषा, लांबी, थोडक्यात विषय, निर्माता संस्था, अंदाजे खर्च
- गाण्याचे नेमके किती सेकंद, कोणत्या भागातले
- वापर कसा: पार्श्वभूमीला, पडद्यावर कुणी गाताना, शीर्षकाला की शेवटच्या श्रेयनामावलीखाली
- प्रसंगाचं वर्णन दोन-तीन ओळींत
- माध्यमं: महोत्सव, चित्रपटगृह, टीव्ही, ओटीटी, यूट्यूब, शैक्षणिक प्रदर्शन
- प्रदेश: फक्त भारत की जग
- मुदत: किती वर्षं
- ट्रेलर आणि प्रसिद्धीत गाणं येणार का

प्रसंगाचं वर्णन टाळू नका. दारू, हिंसा, राजकीय प्रचार किंवा धार्मिक वाद असलेल्या प्रसंगाखाली गाणं येणार असेल आणि ते लपवलं, तर पुढे परवानगी मागे घेतली जाऊ शकते. शिवाय कलम ५७ नुसार रचनाकाराला आपल्या कृतीची विटंबना होत असेल तर हरकत घेण्याचा हक्क आहे, आणि तो कृती विकल्यावरही उरतो.

मोठ्या कंपन्यांना इंग्रजीत लिहा, त्यांच्या लायसन्सिंग विभागालाच. गीतकाराच्या किंवा शाहिराच्या कुटुंबाकडे जायचं असेल तर मराठीत पत्र लिहा आणि शक्य असेल तर समक्ष भेटा. आईवडिलांच्या गाण्यावर फिल्म होतेय याचा आनंद त्यांना असतोच, पण "फक्त एक सही द्या" म्हणत आलेल्यांमुळे ते दुखावलेलेही असतात. मोबदला किती देणार ते पहिल्याच भेटीत सांगा.

६. दर ठरवा

ठरलेलं दरपत्रक नसतं. गाण्याची लोकप्रियता, सेकंद, माध्यमं, प्रदेश, मुदत यांवर आकडा ठरतो. या प्रत्येक गोष्टीत तुम्ही कमी मागितलंत तर आकडा उतरतो. लहान माहितीपटासाठी मी आधी फक्त महोत्सवांचा एक-दोन वर्षांचा परवाना मागते, आणि त्याच पत्रात "पुढे ओटीटी किंवा टीव्हीवर गेलो तर वाढीव रक्कम किती" हेही ठरवून घेते. हा दुसरा आकडा आत्ताच लेखी हवा. फिल्मला मागणी आल्यावर विचारायला गेलात तर घासाघीस करायला जागा उरत नाही.

मास्टर आणि पब्लिशिंग वेगवेगळ्या मालकांकडे असतील तर दोघांशी एकाच वेळी बोला. एकाला पूर्ण पैसे देऊन बसलात आणि दुसऱ्याने नकार दिला, तर पहिला परवाना काही कामाचा नाही.

रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि रॉयल्टीवर टीडीएस कापावा लागू शकतो. दोन्ही अंदाजपत्रकात आधीच धरा आणि सीएकडून तपासून घ्या.

७. करार वाचा, विशेषतः जे लिहिलेलं नाही ते

परवाना लेखीच असायला हवा. फोनवरचा होकार, व्हॉट्सॲपवरचा अंगठा यांवर वितरक फिल्म घेत नाही.

कायद्यात एक तरतूद आहे जी फार थोड्यांना माहीत असते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे "अमुक गाणं वापरायला हरकत नाही" एवढीच ओळ असलेली एनओसी तुम्ही कायमची समजत असाल, तर ती तशी नाही, आणि न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळात फिल्म दाखवतानाही ती पुरणार नाही. मुदत, प्रदेश, माध्यमं, मोबदला, या चार जागा कधीही कोऱ्या सोडू नका.

याशिवाय पाहायचं ते असं: गाणं कापायची, आवाज कमी-जास्त करायची मुभा आहे का, उपशीर्षकांत शब्दांचा अनुवाद देता येईल का, श्रेय कसं लिहायचं, फिल्म विकली तर परवाना नव्या मालकाकडे जातो का. उपशीर्षकांचा मुद्दा माहितीपटवाले हमखास विसरतात.

८. "थोडंसंच वापरलंय" या समजुती सोडा

सात सेकंद, दहा सेकंद, तीस सेकंद चालतात असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. श्रेय दिलं म्हणून परवानगी मिळत नाही. फिल्मने पैसे कमावले नाहीत तरी परवानगी लागतेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका वृत्तवाहिनीच्या खटल्यात अत्यल्प वापर क्षम्य ठरवला होता, पण तो त्या खटल्यातल्या परिस्थितीवर दिलेला निकाल आहे. त्याच्या जोरावर फिल्म बांधू नका.

माहितीपटात आणखी एक अडचण येते. चहाच्या टपरीवर मुलाखत सुरू आहे आणि मागे रेडिओवर गाणं. कलम ५२ मध्ये पार्श्वभूमीला सहज आलेल्या कलाकृतीला सूट आहे, पण ती चित्र, शिल्प अशा कलाकृतींना. गाण्यांचा त्यात समावेश नाही. उपाय साधा आहे: चित्रीकरणाआधी टपरीवाल्या दादांना विनंती करून पाच मिनिटं रेडिओ बंद ठेवा.

९. लोककलावंताचं गाणं तुम्हीच ध्वनिमुद्रित करत असाल तर

वाघ्या-मुरळी, गोंधळी, ओव्या म्हणणाऱ्या आजी. शब्द-चाल परंपरेतली असली तरी गाणाऱ्याचा कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क असतो. त्यांची लेखी संमती घ्या, मराठीत, सोप्या वाक्यांत. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि तेवढा वेळ कॅमेरा सुरू ठेवा. कोणत्या फिल्मसाठी, कुठे दिसणार, आज किती पैसे आणि पुढे व्यावसायिक वापर झाला तर किती, हे सगळं त्यात असू द्या. संमती दिलेल्या कलावंतालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क कायद्याने ठेवलेला आहे. हे त्यांना तुम्हीच सांगा, कारण दुसरं कुणी सांगत नाही. गाणं खरंच पारंपरिक आहे का हेही विचारा. पुष्कळदा ते शेजारच्या गावातल्या हयात शाहिराने रचलेलं निघतं.

१०. परवडत नसेल तर

गाणं नव्याने गाऊन घेतलं की मास्टरचा खर्च वाचतो, पब्लिशिंगची परवानगी मात्र लागतेच. कव्हर आवृत्तीसाठी कायद्यात वैधानिक परवाना आहे, पण तो ध्वनिमुद्रण काढण्यापुरता. फिल्ममध्ये लावायला तो चालत नाही.

सबस्क्रिप्शनच्या म्युझिक लायब्ररी स्वस्त पडतात. तिथे योजनेचे तपशील वाचा, कारण व्यक्तिगत योजनेत चित्रपटगृह, टीव्ही किंवा ग्राहकाची जाहिरात बऱ्याचदा बसत नाही. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी यूट्यूबवरच्या व्हिडिओंसाठी आहे, इन्स्टाग्रामचं गाणं इन्स्टाग्रामपुरतं. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे रचनाकाराने ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेल्या कामांत, 'एनडी' लिहिलेलं संगीत घेऊ नका. चित्राशी जुळवून गाणं लावणं हे त्या नियमांत रूपांतर मानलं जातं आणि 'एनडी'त रूपांतराला मनाई आहे. 'एनसी' म्हणजे फक्त अव्यावसायिक वापर, ते व्यावसायिक फिल्मला चालत नाही. 'एसए' घेतलंत तर तुमची फिल्मही त्याच अटींवर खुली करावी लागेल.

माझं मत विचाराल तर लहान फिल्मसाठी नवा संगीतकार गाठा. पैसे त्याच्या हातात पडतात आणि हक्कांचा कागद एकाच बैठकीत होतो.

११. क्यू शीट भरा

फिल्ममध्ये वाजणाऱ्या प्रत्येक संगीताची यादी: नाव, गीतकार, संगीतकार, पब्लिशर, लेबल, सुरुवात-शेवट, सेकंद, वापराचा प्रकार. ही प्रसारकाला आणि आयपीआरएसला दिली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीतला वाटा अबाधित ठेवला आहे, पण तो कुणाला द्यायचा हे क्यू शीटवरूनच कळतं. नावं अचूक लिहा, आद्याक्षरांसकट. गीतकाराची जागा रिकामी सोडलीत तर त्याच्या घरी जाऊ शकणारे पैसे वाटेतच अडकतात. तुमच्या अर्ध्या तासाच्या कामावर एखाद्या कुटुंबाचा हक्काचा पैसा अवलंबून आहे.

१२. प्रदर्शनाआधी

यूट्यूबवर फिल्म टाकणार असाल तर परवाना असूनही कंटेंट आयडीचा (गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा येऊ शकतो, कारण यंत्रणेला तुमचा करार दिसत नाही. चॅनलची लिंक आधीच लेबलला पाठवून दावा न लावण्याची सोय करून घ्या, आणि ही जबाबदारी त्यांची आहे असं करारात लिहा.

प्रत्येक गाण्याची एक फाइल करा: सही झालेला करार, पत्रव्यवहार, इन्व्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा, वेष्टनाचे फोटो, मृत्यू-वर्ष किंवा प्रकाशन-वर्षाचा आधार, कलावंतांची संमती, क्यू शीट. वितरक किंवा ओटीटी हाच गठ्ठा मागतात. फाइलच्या पहिल्या पानावर परवाना संपण्याची तारीख लिहा, आणि नूतनीकरणाचं पत्र त्याआधी सहा महिने पाठवायचं हे कॅलेंडरमध्ये आजच टाकून ठेवा.